रेकॉर्ड रूममधून : बसऱ्याला गेलेल्यांची नावं

जुन्या चावडीवरच्या पहिल्या महायुद्धाच्या पाटीबद्दल मागच्या अंकात चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग पडला. म्हणून या खेपेला सदरातले नेहमीचे जमिनीचे प्रश्न, म्हणजे वारसनोंद, पोटखराबा आणि बांधाची भांडणं, बाजूला ठेवतो. माझी नोकरी तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली, इतिहासाचा प्राध्यापक मी नव्हे. कागद कुठे असतो आणि तो काय सांगत नाही एवढं मला कळतं, त्याच अंगानं उत्तरं देतो. पत्रं पाठवणाऱ्यांची नावं छापलेली नाहीत, घरच्या गोष्टी आहेत.

प्रश्न : आमच्या गावच्या जुन्या शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. इंग्रजीत लिहिलंय की १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके इसम गेले, त्यांतल्या तिघांनी प्राण दिले. रंगारी दरवर्षी भिंतीबरोबर पाटीवरही चुना मारतो. हे तिघं कोण, गावात कोणालाच सांगता येत नाही. शोध कुठून सुरू करू?
— निवृत्त मुख्याध्यापिका, शिंदखेडा तालुका

ताई, पहिलं काम चुन्याचं. लिंबू, चिंच, ॲसिड यातलं काही लावू नका. आंबटानं संगमरवर खाल्ला जातो आणि कोरीव अक्षरांच्या कडा बसतात. ओलं फडकं रात्रभर दाबून ठेवा, चुना फुगला की बांबूच्या पट्टीनं हलक्या हातानं सोडवा. रंगाऱ्याला पुढच्या वर्षी पाटीवर कागद चिकटवून मगच भिंतीला हात लावायला सांगा.

अशी पाटी तुमच्या एकट्या गावात नाही. लढाई संपल्यावर सरकारनं देशभर गावोगावी त्या लावल्या आणि मजकूर जवळजवळ एकच ठेवला : इतके गेले, इतके मेले. शस्त्रसंधी ११ नोव्हेंबर १९१८ ला झाली, पण जर्मनीशी तह २८ जून १९१९ ला, म्हणून पाटीवर १९१९ दिसतं. गेलेले सगळे बंदूकवाले होते असंही समजू नका. हिंदुस्थानातून तेरा लाखांवर माणूस समुद्रापार गेला, त्यात खेचरं हाकणारे, पखालवाले, आचारी, डोलीवाले, मजूर असे लाखांनी होते. नावं पाटीवर घालायची नव्हतीच, हिशेब दिला की काम झालं असा तो प्रकार.

आता शोध. कॉम्प्युटर उघडण्याआधी गावातल्या म्हाताऱ्या बायकांकडे जाऊन बसा. पुरुष माणूस पलटणीचं नाव, साहेबाचं नाव, पदक असल्या गोष्टी सांगतो आणि त्यातल्या निम्म्या नंतर जोडलेल्या निघतात. बायकांच्या आठवणीत वेगळा धागा असतो : कुठली आजेसासू तरुणपणी एकटी राहिली, तिचा पाट (पुनर्विवाह) कोणाशी लावला, तिच्या वाट्याचं वावर दिराकडे कसं गेलं. तिथून माणूस सापडतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर कोणाकोणाच्या नावानं भरता, हा एक प्रश्न प्रत्येक घरात विचारा. आगारी, म्हणजे पितरांचा घास विस्तवावर, टाकताना नाव घ्यावंच लागतं, त्यामुळे तीन-चार पिढ्यांपूर्वीचा, मूलबाळ नसलेला, गावात ज्याचं काही उरलं नाही असा माणूससुद्धा त्या एका दिवसापुरता घरात टिकून राहतो.

मग फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, तेव्हा लढाईच्या सालांतले फेरफार मिळायला हरकत नसते. गाव नमुना सहा मागा आणि १९१५ ते १९२२ मधल्या सगळ्या वारसनोंदी ओळीनं वाचा. बहुतेक ठिकाणी नुसतं ‘मयत’ असतं. पण एखादा तलाठी हौशी निघतो. ‘सदरहू इसम लढाईवर बसरा मुक्कामी मयत, मागे बायको व भाऊ’ अशी फराट्या मोडीतली ओळ मी स्वतः वाचली आहे. बसरा म्हणजे आजच्या इराकातलं बंदर. समासात पेन्सिलीनं तारीखही होती, पण ती मृत्यूची नव्हे, बातमी गावात आल्याची. हा फरक मनात ठेवा. कोतवाल बुकात, म्हणजे नमुना चौदात, बसऱ्याचा माणूस सहसा सापडत नाही, कारण तिथे गावच्या शिवेत मेलेल्यांची नोंद. लढाईवरून सुखरूप परत येऊन १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेलेला शिपाई मात्र तिथेच भेटेल.

आणखी एक जागा लोकांच्या लक्षातच येत नाही : नाशिक-त्र्यंबकचे तीर्थोपाध्ये. त्यांच्या वह्यांत गाव आणि आडनावावर वंशावळ निघते. परमुलखात मेला, देह मिळाला नाही, तर पळसाच्या पानांचा पुतळा करून पालाशविधी करतात. तो करायला घरचं कोणी गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, गेलं असेल, तर उपाध्यायांच्या वहीत त्याची सही किंवा अंगठा असण्याचा संभव आहे. तुमच्या गावात वंशावळी सांगणारे भाट येत असतील तर त्यांचीही वही बघून घ्या.

एवढी दोन-चार नावं हाती आली की मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी. ही संस्था १९१७ पासून दोन्ही महायुद्धांतल्या मृतांची नोंद ठेवते आणि तिची यादी इंटरनेटवर फुकट बघता येते. काही नोंदींत बापाचं नाव, गाव आणि जिल्हा असतो. पण लिहिणारा कारकून आपल्याकडचा नव्हता. धुळ्याचं धुलिया, खान्देशचं खानदेश किंवा खानदेइश, पाटलाचं पतेल, गावाच्या नावातला ‘ळ’ तर हमखास ‘ल’ नाहीतर ‘र’. आडनावानं शोधूच नका. त्या काळी शिपायाचं नाव आणि बापाचं नाव एवढंच पुष्कळदा लिहीत. जिल्हाही आजचा टाकू नका. १९०६ साली खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, म्हणून तळोदा-शहाद्याचा माणूस ‘पश्चिम खान्देश’खाली मिळेल, नंदुरबार जिल्हा झाला १९९८ ला. मालेगाव १८६९ सालीच खान्देशातून काढून नाशिकला जोडलं, तिकडच्यांनी नाशिक बघावं.

प्रश्न : आमना पणजा बसराले गया, तो माघारे उनाच नही. आखाजीले त्याना नावनी घागर भरतस, पन मरानी तिथ कोनले म्हाईत नही. नातूनी कमिशननी यादीमा नाव शोधी काढं. ११७ मराठा पलटन, सप्टेंबर १९१६ नी तारीख शे. नातू म्हनस, पणजा कुतना वेढामा व्हता. खरं का?
— एक शेतकरी, साक्री तालुका

जिभाऊ, तुमच्या नातवाचं डोकं बरोबर चाललंय, पण त्यानं शेवटची पायरी उडी मारून ओलांडली. सावकाश सांगतो.

११७ मराठा ही सहाव्या पुणे डिव्हिजनमधली पलटण. हे डिव्हिजन नोव्हेंबर १९१४ मध्ये इराणच्या आखाताच्या टोकाला फाओजवळ उतरलं आणि त्याच महिन्यात तुर्कांकडून बसरा घेतलं. आपल्याकडे मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला, गेलेल्या प्रत्येकाला ‘बसऱ्याला गेला’ म्हणतात ते यामुळे. बोटीतून उतरायची जागा ती. एप्रिल १९१५ मध्ये शैबाची लढाई जिंकली, मग तैग्रिसच्या काठाकाठानं फौज वर सरकत राहिली. मागून रसद पुरत नव्हती, बोटी कमी, दवाखान्याची व्यवस्था तर लाजिरवाणी, तरी बगदादचा मोह सुटेना. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोनला मार बसला आणि डिव्हिजनचा सेनापती जनरल टाउनशेंड फौज घेऊन मागे कुत-अल-अमाराला आला. डिसेंबरात तुर्कांनी वेढा घातला. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी आत अडकल्या. बाहेरून सोडवायला आलेल्या फौजेचीच वीस हजारांवर माणसं मेली-जखमी झाली, पण वेढा फुटला नाही. आत दाणा संपत आला तेव्हा घोडी-खेचरं कापून खायला दिली. आपल्या शिपायांनी ते मांस कितीतरी दिवस शिवलं नाही, आणि त्यापायी अशक्तपणा, स्कर्व्ही यांनी आधीच खचले. २९ एप्रिल १९१६ ला टाउनशेंड शरण गेला. साधारण तेरा हजार माणूस कैद झालं. टाउनशेंडला तुर्कांनी इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात ठेवलं. शिपायांना उन्हाळ्यात वाळवंटातून पायी हाकललं आणि पुष्कळांना रास-अल-ऐनकडे रेल्वेच्या कामाला जुंपलं. त्या वाटेवर आणि त्या कामावर माणसं मेली ती हगवणीनं, तापानं, उपासानं.

आता तुमच्या पणजोबांची तारीख बघा. पलटण ११७ आणि महिना सप्टेंबर १९१६, म्हणजे कुत पडल्यानंतरचा. कैदेत गेल्याचा संभव मोठा. पण सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. पलटणीची काही माणसं वेढ्याच्या आधीच आजारी पडून मागे बसऱ्याच्या इस्पितळात होती, काही मागाहून भरती होऊन गेली, ती कुतमध्ये नव्हतीच. पलटणीच्या कागदांसाठी बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राला पत्र लिहा. पत्रात शिपाई नंबर घाला, नुसत्या नावावर कोणी कपाट उघडत नाही. नंबर कमिशनच्या नोंदीतच मिळेल. उत्तर येईपर्यंत नातवाला ‘कुतचा वीर’ म्हणून फ्लेक्स छापू देऊ नका.

नोंदीत ‘बसरा मेमोरियल’ असं लिहिलेलं असेल. तिथे पणजोबांचं नाव कोरलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर फोटो मागवाल आणि शोधत बसाल. मेसोपोटेमियात मेलेल्या चाळीस हजारांवर माणसांचं हे स्मारक १९२९ साली उघडलं. गोऱ्यांची नावं आली, हिंदी अंमलदारांची आली. हिंदी शिपायांच्या पलटणीपुढे फक्त आकडा टाकला. २०२१ च्या एप्रिलमध्ये कमिशननं स्वतःच अहवाल काढून हे कबूल केलं आणि माफी मागितली. पुढे सद्दामच्या हुकमानं १९९७ मध्ये ते सगळं स्मारक उचलून नासिरियाच्या रस्त्याला बत्तीस किलोमीटरवर नेलं. तिकडे जायचा बेत कोणी सुचवला तर ऐकू नका.

तिथीचं म्हणाल तर पंचांगात मागे जाऊन इंग्रजी तारखेची तिथी कोणीही भटजी काढून देईल. पण कैदेतल्या मृत्यूची तारीख छावणीतून, तुर्कांच्या दप्तरातून, हातोहाती आलेली. तिच्यावर श्राद्ध बसवायचं की नाही ते घरानं ठरवावं. भाद्रपद वद्य चतुर्दशी, घातचतुर्दशी, ही शस्त्रानं मेलेल्यांची. तापानं गेला असेल तर ती लागू नाही असं शास्त्री म्हणतील. सर्वपित्री अमावास्या आहेच. माझं मत विचाराल तर आखाजीची घागर चालू ठेवा, तीच तुमच्या घरची तिथी. १९१६ साली आखाजी मे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात आली होती, कुत पडल्यावर अवघ्या काही दिवसांनी. त्या दिवशी तुमच्या घरात त्यांच्या नावची घागर भरली नसणार. माणूस आपला जिवंत आहे असंच घर धरून होतं, आणि त्या दिवशी तरी बहुधा ते खरंही होतं.

प्रश्न : आमच्या घरात पितळेसारखी एक जड वाटोळी थाळी आहे. आई ती माठावर झाकण म्हणून ठेवायची. मध्ये एक बाई आणि सिंह आहे, कडेनं इंग्रजी अक्षरं, एका चौकटीत आजोबांच्या थोरल्या भावाचं नाव. भंगारवाला किलोवर मागतोय, मुंबईचा एक जण बऱ्यापैकी किंमत देतो म्हणतो. काय करावं?
— गृहिणी, पारोळा

ताई, विकू नका आणि घासूही नका. ती थाळी कांशाची आहे, जवळजवळ बारा सेंटिमीटर व्यासाची. पहिल्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी सरकारनं एकेक पाठवली, जगभर मिळून तेरा लाखांवर. बाई म्हणजे ब्रिटानिया, हातात माळ, पायाशी सिंह. कडेनं लिहिलंय की हा स्वातंत्र्यासाठी आणि मानासाठी मरण पावला. कोणाच्या स्वातंत्र्यासाठी ते विचारू नका. नावाच्या चौकटीत हुद्दा मुद्दाम घातलेला नाही, जनरल असो की शिपाई, नुसतं नाव. बसऱ्याच्या दगडावर ज्याला आकड्यावर भागवलं, त्याच माणसाचं नाव या थाळीवर उठावदार अक्षरांत ओतलेलं आहे, म्हणून ती जपायची.

राख, चिंच, भांड्याची पावडर बंद. काळसर रंग चढलाय तो राहू द्या. उजेड तिरका पाडून दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि चौकटीतलं नाव अक्षरशः जसं आहे तसं लिहून घ्या. त्याच अक्षरांनी कमिशनच्या यादीत शोधा, कारण दोन्हींकडचं लेखन बहुधा एकाच कागदावरून आलेलं असतं. मुंबईच्या गृहस्थाला सांगा की माठाला दुसरं झाकण मिळालं नाही.

प्रश्न : घरात दोन पदकं आहेत. एक काका म्हणतात पहिल्या जर्मन लढाईतली, दुसरे म्हणतात दुसऱ्या. कसं ओळखायचं?
— बी. एस्सी.चा विद्यार्थी, चोपडा

राजा बघा. दाढीवाला पंचम जॉर्ज असेल तर पहिली लढाई, दाढी नसलेला सहावा जॉर्ज असेल तर दुसरी. चांदीच्या पदकाच्या मागे उघडा घोडेस्वार आणि घोड्याच्या पायाखाली ढाल-कवटी असेल तर ते पहिल्या लढाईचंच. तेच पदक कांशात असेल तर तुमचा माणूस बहुधा मजूर किंवा बिगारी म्हणून गेला होता. पदकाची कड भिंगाखाली धरा : नंबर, हुद्दा, नाव, पलटण असं ठोकलेलं असतं. पंख असलेली बाई असेल तर ते विजयपदक, त्याची फीत इंद्रधनुष्याच्या रंगांची असते. पदकं इनामाची नव्हेत, सगळ्यांना मिळाली, तेव्हा काकांच्या ‘शौर्यपदक’ या शब्दाला कागद मागा.

प्रश्न : तुम्ही या लोकांना एवढं डोक्यावर का घेता? इंग्रजांच्या पगारावर, इंग्रजांसाठी, ज्यांच्याशी आपलं वैर नव्हतं त्यांच्याशी लढले. ज्या खान्देशात साने गुरुजी झाले, शिरीषकुमार झाला, तिथे यांचं स्मारक करायचं?
— वाचक, जळगाव

प्रश्न रोखठोक आहे, उत्तरही तसंच देतो. डोक्यावर घ्या असं मी कुठेही लिहिलेलं नाही. नाव लिहा एवढंच म्हणतोय.

त्या वेळी शिपायाचा पगार महिना अकरा रुपये होता. खान्देशात छपन्नच्या (संवत १९५६ च्या) दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० ला, जन्मून जगलेलं पोर १९१७ ला भरतीच्या वयाचं झालं होतं. त्याच्या घरी साम्राज्याबद्दल चर्चा होत असेल असं मला वाटत नाही. सावकाराबद्दल होत असेल. आणि ज्यांच्या घरी चर्चा होत होती त्यांचं तरी कुठे ठरलं होतं? १९१८ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात गांधीजी खुद्द खेडा जिल्ह्यात फिरून शिपाई भरती व्हा म्हणून सांगत होते. टिळक भरतीला तयार होते, पण आमच्या पोरांना अंमलदारी द्या या अटीवर. जूनमध्ये मुंबईच्या युद्ध परिषदेत गव्हर्नर विलिंग्डननं त्यांना बोलू दिलं नाही तेव्हा ते उठून बाहेर पडले. मोठ्यांनी जे करून पाहिलं त्याचा जाब शिंदखेड्याच्या अठरा वर्षांच्या पोराला विचारणं मला जमत नाही.

शिरीषकुमारचं म्हणाल तर ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारला गोळीबारात तो आणि त्याचे सोबती गेले, आणि त्यांची नावं शहराला पाठ आहेत. तशी ती राहायलाच हवीत. कुतला गेलेल्याचं नाव लिहिल्यानं त्यातलं एकही पुसलं जात नाही. उलट, हिंदी शिपायाला आकडा समजणारं सरकार कोणतं होतं, हे तुमच्या मुलाला दाखवायचं असेल तर त्या तीन ओळींच्या पाटीएवढा पुरावा भाषणात मिळायचा नाही.

प्रश्न : आमच्या घराण्याचा वीर धुळवडीला निघतो. देव्हाऱ्यातला टाक घेऊन होळीभोवती नाचवतात, डफ वाजतो. वडील सांगत, आपला वीर जर्मनच्या लढाईत पडला. पण टाकावर तर घोड्यावरचा तलवारवाला आहे. पायदळातल्या शिपायाला घोडा कुठून आला?
— तरुण वाचक, शिरपूर

वीराचा टाक सोनाराकडे ठरल्या साच्याचा मिळतो. घोडा, तलवार, ढाल. त्यावरून पलटण काढता येत नाही. मला वाटतं तुमचा वीर लढाईहून जुना असावा आणि १९१४-१८ मध्ये घरातला कोणी परत आला नाही तेव्हा तो त्याच वीरात मिळवला गेला. घराणी असं करतात, त्यात खोटं काही नाही. धुळवडीला नाचवताना कोणाचं नाव घेतात ते या वर्षी कान देऊन ऐका. दोन नावं येत असतील तर दुसरं तुमच्या कामाचं. म्हाताऱ्यांशी घोड्यावरून वाद मात्र घालू नका.

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीनं गावच्या महायुद्धातल्या वीरांसाठी प्रवेशद्वार बांधायचा ठराव केला आहे. आमदार निधी मिळतोय. सहा नावांची यादी तयार आहे. मजकूर कसा असावा?
— सदस्य, ग्रामपंचायत, चाळीसगाव तालुका

अप्पा, तुम्ही सोबत पाठवलेली यादी बघितली. सहाच्या सहा एकाच भाऊबंदकीतले आहेत. सैन्य असं भरती होत नसतं.

बौद्धवाड्यात विचारलंत का? महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंद केली होती, ती लढाईत माणूस कमी पडायला लागल्यावर उघडली आणि १९१७ मध्ये १११ महार पलटण उभी राहिली. लढाई संपल्यावर १९२१ च्या सुमारास मोडूनही टाकली. १९४१ ला पुन्हा महार रेजिमेंट उभं करावं लागलं. भिलाटीत विचारलंत का? याच खान्देशात १८२५ ला धरणगावला औट्रम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं भिल्ल पलटण उभारली होती, तेव्हा शिपाईगिरी त्या वस्तीला नवी नाही. मुसलमान मोहल्ल्यात? मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्या कंपन्या होत्या. गावात शिक्क्याचा कागद कोणाच्या पेटीत निघेल सांगता येत नाही. पाटीवरचा आकडा सगळ्यांना धरून असतो, त्याच्याशी तुमची यादी जुळते का ते आधी बघा.

प्रवेशद्वाराबद्दल माझं मत विचारलेलं नाही, तरी सांगतो : सिमेंटची कमान आणि तिच्यावर फायबरचा रायफलवाला यात तुमचा निधी जाईल आणि नावं कमानीच्या खांबावर ट्रकच्या उंचीला येतील. त्यापेक्षा जुनी पाटी आहे तिथेच खाली काळ्या दगडाची एक फरशी बसवा. नाव, बापाचं नाव, काम किंवा हुद्दा, पलटण, कुठे आणि केव्हा गेला. ‘हुतात्मा’, ‘अमर’, ‘वीरगती’ यातलं काही नको. जे माहीत नाही ती जागा कोरी सोडा, अंदाजानं भरू नका. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वांत मोठं शौर्यपदक, तर अजिबात लिहू नका. तो मिळवलेल्यांची यादी छोटी आणि जगजाहीर आहे, दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणींचे दोघेच, यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव, आणि दोघंही खान्देशचे नव्हेत. मयतांसोबत जिवंत परतलेल्यांचीही नावं टाका. ते आले, वावरात राबले, आणि त्यांना कोणी कधी काही विचारलं नाही.

प्रश्न : माझे चुलत आजोबा १९४४ ला ब्रह्मदेशात गेले. त्यांची समाधी तिथे असेल का? पुढच्या वर्षी आम्ही भाऊ-बहीण जायचं म्हणतो.
— बँक कर्मचारी, भुसावळ

समाधी बहुधा नसेल. हिंदू शिपायाला शक्य तिथे अग्नी दिला, आणि माघारीत किंवा जंगलात मेलेल्यांचं तेही झालं नाही. पण नाव असेल. या लढाईत कमिशननं हिंदी शिपायांचीही नावं कोरली. रंगूनच्या उत्तरेला टॉक्यान इथे रंगून मेमोरियल आहे, लांबलचक खांबांच्या रांगेवर सत्तावीस हजारांच्या आसपास नावं आहेत, पलटणवार. दुसऱ्या महायुद्धासाठी कमिशन ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातले मृत्यू धरतं, म्हणजे तिकडे जखमी होऊन इकडे इस्पितळात गेलेला शिपाईही यादीत येऊ शकतो, मात्र मग त्याचं नाव टॉक्यानला नसेल. म्हणून आधी यादी बघा. नोंदीत स्मारकाचं नाव आणि फलकाचा नंबर दिलेला असतो. तो कागदावर लिहून घेतल्याशिवाय, आणि तिकडची परिस्थिती परराष्ट्र खात्याकडून विचारल्याशिवाय, तिकिटं काढू नका.